विश्लेषण : स्वतःचे संकेतस्थळ आजही का हवे? चांगल्या रचनेचे निकष कोणते?

फोनवर दुकानाचे पान उघडायला आज पाच मिनिटे लागतात. इन्स्टाग्रामवर खाते, व्हॉट्सॲपवर कॅटलॉग आणि गुगल नकाशावर खूण एवढ्यावर हजारो छोटे व्यवसाय चालतात. त्यामुळे स्वतःच्या संकेतस्थळाचा खर्च कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मात्र गेल्या दोन-तीन वर्षांतील काही घडामोडी उलट दिशेने बोट दाखवतात. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर नेण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. व्यक्तिगत विदा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. इंटरनेटवरील पत्ता कोणाचा आणि त्या पत्त्यावरील पान सर्वांना वापरता येते का, हे दोन प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आले आहेत.

संकेतस्थळाचे तांत्रिक घटक कोणते?

संकेतस्थळाचे तीन भाग असतात. पहिला डोमेन, म्हणजे पत्ता. दुसरा होस्टिंग, म्हणजे ज्या संगणकावर पाने ठेवलेली असतात ती जागा. तिसरा, त्या पानांवरील मजकूर, छायाचित्रे व मांडणी. वाचकाने ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की 'डोमेन नेम सिस्टीम' म्हणजेच डीएनएस ही यंत्रणा त्या नावामागचा अंकी पत्ता शोधते, ब्राउझर त्या संगणकाशी जोडला जातो आणि पान फोनवर उतरते. पानाचा सांगाडा एचटीएमएल या भाषेत, रंगरूप सीएसएसमध्ये आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते.

जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील 'सर्न' या संशोधन संस्थेत उभारले. १९९१ मध्ये ते जगासाठी खुले झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान कोणत्याही शुल्काविना वापरण्यास मोकळे केले. कोणाचीही परवानगी न घेता कोणीही पान प्रसिद्ध करू शकतो, हे वेबचे वैशिष्ट्य तेव्हापासून कायम आहे. समाजमाध्यमांवरील खाते आणि स्वतःचे संकेतस्थळ यांतील मूळ फरकही हाच आहे.

समाजमाध्यमावरील पान पुरेसे का नाही?

समाजमाध्यमावरील पान ही भाड्याची जागा असते. जागेचा मालक नियम बदलू शकतो, भाडे वाढवू शकतो किंवा जागाच बंद करू शकतो. याची उदाहरणे अलीकडची आहेत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकवर लाखोंचा प्रेक्षकवर्ग उभा केलेल्यांना, त्यात महाराष्ट्रातील ग्रामीण कलाकारही होते, त्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग एका रात्रीत उरला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा सुमारे सहा तास जगभर बंद पडल्या. केवळ व्हॉट्सॲपवर मागणी घेणाऱ्यांचा त्या वेळचा व्यवहार थांबला.

तिसरे उदाहरण छोट्या व्यावसायिकांना अधिक जवळचे आहे. 'गुगल बिझनेस प्रोफाइल'मधून एक साधे संकेतस्थळ मोफत तयार करता येत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलने ही सोय बंद केली. जुन्या पत्त्यावर येणारे ग्राहक जून २०२४पर्यंत प्रोफाइलकडे वळवले गेले, नंतर ते पत्ते निकामी झाले. ज्यांनी दुकानाच्या पाट्यांवर, पिशव्यांवर, बिलांवर तो पत्ता छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. स्वतःचे डोमेन असलेल्यांना मात्र तोच पत्ता दुसऱ्या ठिकाणी उभारलेल्या पानाकडे वळवता आला.

याचा अर्थ समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत असा नाही. नवा ग्राहक तिथेच भेटतो. पण दरपत्रक, पत्ता, वेळा, प्रमाणपत्रे, तक्रारीची सोय अशी कायमस्वरूपी माहिती जिथे ठेवायची, ते ठिकाण आपल्या ताब्यात असावे आणि समाजमाध्यमांनी लोकांना तिकडे आणावे, ही विभागणी जास्त सुरक्षित ठरते.

डोमेन कोणाच्या नावावर असावे?

संकेतस्थळ उभारताना सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि नंतर सर्वांत जास्त महागात पडते, अशी ही बाब आहे. अनेक दुकाने, शाळा, गृहनिर्माण संस्था आणि देवस्थाने संकेतस्थळाचे काम ओळखीच्या तंत्रज्ञाकडे किंवा छोट्या कंपनीकडे सोपवतात. तो तंत्रज्ञ सोयीसाठी स्वतःच्याच ईमेलवरून, स्वतःच्याच खात्यात डोमेन नोंदवतो. पुढे वाद झाला, त्याने व्यवसाय बंद केला किंवा फोन उचलणे थांबवले, तर पैसे भरणाऱ्या संस्थेकडे पत्त्याचा ताबा नसतो. नोंदणीत ज्याचे नाव, त्याचे डोमेन, असाच व्यवहार चालतो.

डोमेन विकत घेता येत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते. मुदत संपली आणि नूतनीकरण राहिले, तर काही दिवसांच्या सवलतीनंतर ते पुन्हा बाजारात येते. नावाजलेले जुने पत्ते टिपून बसलेले लोक ते लगेच घेतात. मग त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात आणि जुन्या ग्राहकांना संस्थाच बदनाम झाल्यासारखी वाटते. डॉट इन पत्त्यांची व्यवस्था 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' म्हणजेच निक्सी ही संस्था पाहते आणि त्यावरील वादांसाठी स्वतंत्र लवाद प्रक्रियाही आहे. पण तो खर्च आणि वेळ टाळण्याचे उपाय साधे आहेत. नोंदणी संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवरून करावी. पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. नूतनीकरण स्वयंचलित ठेवावे. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर न पाहता दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारून घ्यावा. तंत्रज्ञ बदलायचा झाल्यास डोमेन हलवण्यासाठी लागणारा संकेतांक मिळेल, हे करारात लिहून घ्यावे.

'डॉट बँक डॉट इन'चा धडा काय?

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये या राखीव डोमेनची घोषणा केली आणि एप्रिलमध्ये मुदत जाहीर केली. नोंदणीचे काम हैदराबादच्या 'इन्स्टिट्यूट फॉर डेव्हलपमेंट अँड रिसर्च इन बँकिंग टेक्नॉलॉजी' या एकाच संस्थेकडे दिले. बँक नसलेल्याला हा पत्ता मिळू नये, हा हेतू. देशातील नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक बँका महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे तालुक्याच्या गावातील बँकेलाही पत्ता बदलण्याचे हे काम करावे लागले.

बनावट संकेतस्थळांचा धोका बँकांपुरता नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना सावध केले होते. चारधाम यात्रेची हेलिकॉप्टर सेवा, भाविकांची निवासव्यवस्था यांच्या नावाने हुबेहूब संकेतस्थळे काढून आगाऊ पैसे उकळले जात होते. एखाद्या हॉटेलचे किंवा देवस्थानाचे अधिकृत संकेतस्थळच नसेल, तर शोधात वर येणारे बनावट पान खरे वाटते. खरा पत्ता एकच असणे आणि तो पाटीपासून पावतीपर्यंत सगळीकडे छापलेला असणे, हा ग्राहकाच्या हाती असलेला पडताळणीचा सोपा मार्ग आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवता येते.

उभारणीचे मार्ग कोणते?

मुख्य मार्ग तीन. पहिला, ओढून-सोडून पाने जोडण्याची सोय देणाऱ्या सेवा. विक्स, स्क्वेअरस्पेस, दुकानासाठी शॉपिफाय ही त्यांची उदाहरणे. महिन्याला किंवा वर्षाला शुल्क द्यायचे, बाकी तांत्रिक काळजी कंपनी घेते. मात्र उद्या दुसरीकडे जायचे ठरवले, तर मांडणी सोबत नेता येत नाही.

दुसरा, वर्डप्रेस. २००३ मध्ये सुरू झालेली ही मुक्त स्रोत प्रणाली असून जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. प्रणाली मोफत आहे, होस्टिंगचे पैसे लागतात आणि मजकूर कधीही उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे देखभाल. प्रणाली आणि तिची पूरक साधने, म्हणजे प्लगइन, वेळोवेळी अद्ययावत केली नाहीत तर हल्लेखोर त्यांतील जुन्या त्रुटींतून आत शिरतात.

तिसरा मार्ग साध्या स्थिर पानांचा. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, केवळ एचटीएमएल आणि सीएसएसच्या फायली. दवाखान्याची वेळ, शाळेची माहिती, शिंप्याची किंवा सुताराची कामे दाखवण्यासाठी एवढे पुरते. ही पाने वेगाने उघडतात, हॅक होण्याची शक्यता कमी असते आणि गिटहब पेजेससारख्या सेवांवर अशी साधी माहितीची पाने मोफतही ठेवता येतात. ऑनलाइन विक्री किंवा रोज बदलणारा मजकूर नसेल, तर या मार्गाचा विचार आधी करावा.

चांगली रचना म्हणजे नेमके काय?

रचना म्हणजे रंगसंगती आणि सरकती चित्रे, हा समज सर्वत्र आढळतो. वापरणारा मात्र काहीतरी काम घेऊन आलेला असतो. डॉक्टर आज आहेत का, प्रवेश अर्जाची शेवटची तारीख कोणती, खोलीचे भाडे किती, दुकान रविवारी उघडे असते का, या प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पडद्यावर किंवा एका टिचकीवर मिळाली की रचना चांगली. संस्थापकांचे छायाचित्र, मान्यवरांचे संदेश आणि उद्घाटनाची छायाचित्रे पहिल्या पानावर, तर फोन क्रमांक पाचव्या पानावर, ही रचना संस्थेच्या सोयीची असते, ग्राहकाच्या नव्हे.

बहुसंख्य वाचक फोनवरूनच येतात. गुगलही शोधासाठी संकेतस्थळाची मोबाइलवरील आवृत्तीच तपासते. त्यामुळे पान आधी फोनसाठी आखावे, मग मोठ्या पडद्यासाठी पसरावे. फोन क्रमांक असा द्यावा की बोट लावताच फोन लागेल. तो चित्राच्या आत लिहिला तर तो ना दाबता येतो, ना नकलता येतो. बटणे बोटाला सापडतील एवढी मोठी हवीत. वेब सुगम्यतेच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने किमान २४ बाय २४ पिक्सेलचा निकष दिला आहे. प्रत्यक्षात ४४ ते ४८ पिक्सेल सोयीचे पडतात.

मजकुराचे परिच्छेद छोटे आणि शीर्षके स्पष्ट असावीत. 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' असे दहा दुवे देण्यापेक्षा 'प्रवेश अर्ज भरा', 'दरपत्रक पाहा' असे कामाचे नाव दुव्यालाच द्यावे. अर्जामध्ये लागेल तेवढीच माहिती विचारावी. चूक झाल्यास 'अवैध नोंद' असे न म्हणता 'मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत' असे सांगावे आणि आधी भरलेली माहिती पुसली जाऊ नये. पानावर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख असावी. तीन वर्षांपूर्वीची सूचना 'नवीन' या लुकलुकत्या खुणेसह दिसली की बाकीच्या माहितीवरचा विश्वासही उडतो.

मराठी मजकुरासाठी वेगळी काळजी कोणती?

२०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८.३ कोटी आहे. मात्र जगभरातील संकेतस्थळांच्या भाषांची मोजणी होते तेव्हा मराठीचा वाटा नगण्य दिसतो. याचे एक कारण असे की बराच मराठी मजकूर वेबवर असूनही तो यंत्राला वाचताच येत नाही. युनिकोडपूर्व काळातील कृतिदेव, श्रीलिपीसारख्या पद्धतींत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी किंवा इतर चिन्हांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. तो मजकूर दुसऱ्या फोनवर उघडला की चिन्हांचा गोंधळ दिसतो. दुसरा प्रकार परिपत्रकाचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवण्याचा. तो डोळ्यांना दिसतो, पण शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचक प्रणालीला तो कोरा कागद वाटतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असणे ही मराठी संकेतस्थळाची पहिली अट आहे.

दुसरी बाब टंकांची. देवनागरीत वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येतात. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा त्याहून थोडे अधिक अंतर ठेवल्यास वाचन सुसह्य होते. इंग्रजी शीर्षकांसाठी अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची सूचना मराठीवरही लागू झाली, तर शिरोरेषा तुटते. शब्दाखाली रेघ ओढली तर उकार झाकले जातात. एक टाइप या मुंबईच्या गटाचा 'मुक्ता', गुगलचा 'नोटो सान्स देवनागरी' आणि मराठी वळणासाठी खास केलेला 'टिरो देवनागरी मराठी' हे टंक मोफत उपलब्ध आहेत.

तिसरी बाब डोळ्यांना न दिसणारी. पानाच्या सांगाड्यात 'ही मराठी आहे' अशी भाषेची खूण करता येते. ती केली की काही टंक 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण आपोआप दाखवतात, वाचक प्रणाली मराठी आवाज निवडते आणि ब्राउझर पानाची भाषा चुकीची ओळखत नाही. अनेक मराठी पानांवर ही खूण इंग्रजीचीच राहून गेलेली असते.

पत्ताही मराठीत घेता येतो. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. मात्र अनेक अर्ज आणि ईमेल सेवा असा पत्ता अजूनही नाकारतात. त्यामुळे इंग्रजी पत्त्याच्या जोडीला मराठी पत्ता, ही सध्याची व्यवहार्य वाट आहे.

पान हळू का उघडते?

बहुतेक वेळा कारण छायाचित्रांचे असते. फोनने काढलेले एक छायाचित्र पाच एमबीचे असू शकते. अशी दहा छायाचित्रे थेट चढवली की पान ५० एमबीचे होते. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ते उतरायला सुमारे ४० सेकंद लागतात. तीच छायाचित्रे पडद्याच्या मापाची करून प्रत्येकी १५० केबीवर आणली, तर एकूण दीड एमबी होतात आणि सव्वा सेकंदात उतरतात. यासाठी मोफत साधने उपलब्ध आहेत आणि वेबपी हा प्रकार वापरल्यास आकार आणखी घटतो.

गुगलने वेगाचे तीन निकष ठरवले आहेत. पानावरील मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. आणि पान उघडत असताना मजकूर खाली-वर उडी मारू नये. तिसऱ्या निकषाचा अनुभव प्रत्येकाला असतो. बटण दाबायला जावे, तेवढ्यात वर जाहिरात उगवावी आणि बोट भलत्याच जागी पडावे. 'पेजस्पीड इनसाइट्स' या मोफत सेवेत पत्ता टाकला की हे तिन्ही आकडे कळतात.

दिव्यांगांसाठी कायदा काय सांगतो?

२०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली. वयोमानामुळे नजर कमी झालेले किंवा हात थरथरणारे ज्येष्ठ त्याहून वेगळे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने सुगम्यतेची जबाबदारी सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवादात्यांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, या कायद्याखालील सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम रद्दबातल ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्यास सरकारला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१चा भाग असल्याचे नमूद केले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिबाधित व्यक्ती यांच्या याचिका न्यायालयापुढे होत्या. डोळे मिचकावून ओळख पटवण्याची अट त्यांना बँक खात्यासारख्या सेवांपासून दूर ठेवत होती. न्यायालयाने याबाबत २० निर्देश दिले.

प्रत्यक्ष स्थिती निराशाजनक आहे. 'वेबएम' ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ मध्ये त्यांतील सुमारे ९५ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका आढळल्या. सर्वाधिक आढळणारी चूक पार्श्वभूमीवर न उठणाऱ्या फिक्या अक्षरांची. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे देखणी वाटतात, पण भर उन्हात फोन पाहणाऱ्या चांगल्या नजरेच्या माणसालाही ती वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा निकष आहे. प्रत्येक अर्थपूर्ण छायाचित्राला पर्यायी वर्णन देणे, अर्जाच्या प्रत्येक रकान्याला नाव देणे, माहिती केवळ रंगाने न सांगणे आणि चित्रफितीला लिखित संवाद जोडणे, ही कामे उभारणीच्या वेळी केली तर फारसा खर्च येत नाही. अँड्रॉइड फोनमधील 'टॉकबॅक' सुरू करून, डोळे मिटून स्वतःच्याच पानावरून फोन क्रमांक शोधून पाहिला की अडचणी लगेच कळतात.

आणखी कोणती बंधने पाळावी लागतात?

संपर्काच्या अर्जात नाव आणि फोन क्रमांक घेतला की ती व्यक्तिगत विदा होते. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी लागेल आणि ती मागे घेण्याची सोयही द्यावी लागेल. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे. विदेचे पुरेसे संरक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० पाळावे लागतात. व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ प्रकारच्या 'डार्क पॅटर्न'वर बंदी घातली. 'फक्त दोनच नग शिल्लक' असा खोटा धाक, ग्राहकाने न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, शेवटच्या टप्प्यावर छुपे शुल्क दाखवणे, सदस्यत्व घेणे सोपे पण सोडणे अवघड करणे हे त्यांत येते. तयार साचे वापरताना असे प्रकार अनवधानानेही येतात. उलटी मोजणी दाखवणारी खोटी घड्याळे अनेक साच्यांत आधीच बसवलेली असतात.

सुरक्षेची किमान बाजूही आहे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस हवे. जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या पानांना 'असुरक्षित' म्हणतो. त्यासाठीचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' मोफत देते. मात्र हे प्रमाणपत्र बनावट संकेतस्थळालाही मिळते. त्यामुळे कुलपाची खूण दिसली म्हणजे समोरचा माणूस खरा, असे मानू नये. संकेतस्थळाची प्रत नियमितपणे दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी आणि ती परत लावून पाहण्याची चाचणी वर्षातून एकदा तरी घ्यावी.

एआयच्या काळात संकेतस्थळाची गरज उरेल?

आता चार वाक्ये सांगितली की एआय साधने पूर्ण संकेतस्थळ काही मिनिटांत तयार करतात. सांगाडा तयार होतो, पण त्यातील माहिती तपासावी लागते. 'पंचवीस वर्षांचा अनुभव', 'हजारो समाधानी ग्राहक' अशी कोणीच न सांगितलेली वाक्ये त्यात शिरतात आणि ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. मराठीतील वाक्येही अनुवादासारखी निघतात. पर्यायी वर्णन, अक्षरांचा उठाव आणि भाषेची खूण हे सगळे माणसानेच पाहावे लागते.

दुसरीकडे, भारतात ऑगस्ट २०२४पासून गुगलच्या शोधात वरच एआयने तयार केलेले उत्तर दिसू लागले. वाचकाला उत्तर तिथेच मिळाले तर तो मूळ पानावर कशाला येईल, ही वृत्तपत्रांपासून पाककृती लिहिणाऱ्यांपर्यंत सर्वांची चिंता खरी आहे. मात्र दुकानाची वेळ, शाळेचे शुल्क, होमस्टेचा दर यांचे उत्तर या यंत्रणाही कुठून तरी वाचूनच देतात. मालकाने अधिकृत माहिती कुठेच लिहिलेली नसेल, तर उत्तर जुन्या सूचीतून किंवा अनोळखी व्यक्तीच्या अभिप्रायातून येते आणि ते चुकले तरी दुरुस्त करण्यासाठी मालकाकडे ठिकाण नसते.

महाराष्ट्र सरकारने २०२५च्या सुरुवातीला राबवलेल्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात सरकारी कार्यालयांच्या संकेतस्थळांची सुधारणा हा एक मुद्दा होता. अशा मोहिमांची खरी परीक्षा मोहीम संपल्यावर होते. संकेतस्थळ उभारण्याचा खर्च एकदाच होतो, ते खरे आणि वापरण्याजोगे ठेवण्याचे काम दर महिन्याचे असते. त्यामुळे उभारणीचे अंदाजपत्रक मागताना सोबत आणखी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यायला हवीत. डोमेन कोणाच्या नावावर राहणार आणि वर्षभरानंतर पानावरील माहिती कोण बदलणार?